जुने विमान स्वस्त का मिळते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत जुने चार आसनी विमान चांगल्या मोटारीच्या पैशांत मिळते, असे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तो चांगलाच फिरला. सॅन होजेला राहणारा माझा पुतण्या आयटीत आहे. वैमानिकाचा परवाना त्याच्या हाती नुकताच आला आहे. त्याने लेख मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला, "काका, एक सेस्ना बघून ठेवलंय. साठ हजार डॉलर म्हणतोय. टोकन देऊन टाकू का?" त्याला फोनवर जे सांगितले तेच जरा सविस्तर लिहितो, कारण त्याच्यासारखे आणखी चार जण चेकबुक काढून बसले असणार.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचे दोन लेथचे वर्कशॉप होते. मी स्वतः ओहायोत डेटनजवळ टूलरूममध्ये नोकरी करून निवृत्त झालो. आम्ही चौघांनी मिळून १९६९ चे पायपर चेरोकी १८० हे चार आसनी विमान घेतले आहे. ते उडवतो, दरवर्षी खोलतो आणि बिले भरतो. लेखात चुकीचे असे फारसे काही नव्हते. पण त्यात विमानाची किंमत होती आणि विमानाचा खर्च नव्हता. शिवाय ही विमाने एवढी जुनी का, तेही नव्हते.

आधी जुनेपणाचे सांगतो. सेस्ना कंपनीच्या १७२ या चार आसनी विमानाचे उत्पादन १९५६ साली सुरू झाले आणि आजवर ४४ हजारांहून जास्त नग निघाले. जगात दुसरे कुठलेही विमान इतके बनलेले नाही. १९७८ साली अमेरिकन कारखान्यांतून छोटी-मोठी मिळून १७ हजारांवर खासगी विमाने बाहेर पडली होती. त्यानंतर धंदा कोसळला. मंदी होती, व्याजदर चढले होते, आणि त्यावर कोर्टकचेऱ्या. तीस वर्षांपूर्वी विकलेले विमान पडले तरी वारस कारखान्यावर दावा लावत. विम्याचे हप्ते इतके वाढले की सेस्नाने १९८६ मध्ये छोटी पिस्टन विमाने बनवणेच बंद केले. १९९४ साली कायदा झाला की विमान १८ वर्षांपेक्षा जुने असेल तर अपघातासाठी उत्पादकावर सहसा दावा लावता येणार नाही, तेव्हा कुठे १९९६ मध्ये १७२ पुन्हा बनू लागले. नवे १७२ आज चार लाख डॉलरच्या पुढे आहे. म्हणजे सामान्य पगारदाराला परवडणारे विमान बहुतेक वेळा १९८६ च्या आधीचे. त्याचे वय चाळीस ते साठ, आणि त्या काळात त्याला दहाबारा मालक होऊन गेलेले.

लेखातल्या छायाचित्रात नवरा, बायको आणि दोन दांडगी मुले सामानासह विमानापाशी उभी होती. चार खुर्च्या आहेत म्हणून चार माणसे बसतील असे धरून चालू नये. १९७० च्या दशकातले १५० किंवा १६० अश्वशक्तीचे सेस्ना १७२ घ्या. उड्डाणाला कमाल वजन २,३०० पौंड, म्हणजे साधारण १,०४३ किलो. रेडिओ वगैरे धरून रिकाम्या विमानाचेच साडेसहाशे किलो. टाक्या भरल्या की आणखी ११४ किलो गेले. उरले पावणेतीनशे किलोच्या आतबाहेर. ऐंशी किलोची चार माणसे ३२० किलो होतात, आणि त्यात बॅगा आल्याच नाहीत. मग पेट्रोल कमी भरायचे, म्हणजे वाटेत उतरायचे. आमच्या चेरोकीला १८० अश्वशक्ती आहे, म्हणून टाक्या भरूनही सव्वातीनशे किलोला थोडे कमी उरतात. तरीही पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना बाथरूममधल्या काट्यावर उभे करतो. सासूबाईंना ते अजिबात आवडत नाही. जुलैच्या उकाड्यात हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनही दमते. वजन नियमात बसले तरी विमान रडतखडतच वर चढते. कुटुंबाचे चार जण खरोखर न्यायचे असतील तर चेरोकी १८० किंवा सेस्ना १८२ च्या खाली बघू नये, आणि १८२ चे पेट्रोल व विमा दोन्ही जड आहेत.

आता खर्च. आमच्या भागात हँगरचे भाडे महिन्याला अडीचशे डॉलर, म्हणजे वर्षाचे तीन हजार. विमा दीड हजार. वर्षातून एकदा सक्तीची तपासणी, त्यात काही निघाले नाही तर अडीच हजार. काही निघाले नाही असे साल मला फारसे आठवत नाही. हे झाले सात हजार, आणि अजून विमान जागेवरून हललेलेही नाही. तासाला नऊ-दहा गॅलन पेट्रोल, म्हणजे साठ डॉलर. इंजिनचा ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती, दोन हजार तासांनी करावा असे उत्पादक सांगतो. त्याला आज चाळीस हजार सहज लागतात, म्हणून तासाला वीस डॉलर बाजूला काढून ठेवायचे. एकटा मालक वर्षाला चाळीस तास उडवत असेल तर त्याला एक तास अडीचशे डॉलरच्या वर पडतो. तेच विमान क्लबातून पेट्रोलसकट भाड्याने पावणेदोनशेच्या आसपास मिळते. चौघे मिळून दोनशे तास उडवतात तेव्हा तासाचा दर सव्वाशेच्या खाली येतो. माझे सरळ मत असे की वर्षाला शंभर तास उडवणार नसाल तर एकट्याने विमान घेऊ नये. भागीदार शोधावेत, नाहीतर खुशाल भाड्याने उडवावे, त्यात कमीपणा नाही.

पुतण्याच्या साठ हजारांच्या सेस्नाचे इंजिन १,९०० तास झालेले होते. खासगी मालकावर दोन हजारांना इंजिन खोलण्याची कायदेशीर सक्ती नाही, त्यामुळे विकणारा हसत सांगतो की अजून पाचशे तास सहज जाईल. जाईलही. पण घेणाऱ्याने ते विमान एक लाखाचे समजून सौदा करावा. ते साठ हजारांचे मुळी नाहीच.

इंजिनच्या बाबतीत बहुतेक लोक तासांवर जातात, आणि खरी मेख तिथेच आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते, "एकूण फक्त १,२०० तास, कायम हँगरमध्ये." पन्नास वर्षांत बाराशे तास म्हणजे वर्षाला चोवीस. वर्षातले अकरा महिने ते इंजिन गार पडून होते. या विमानांत बहुतांशी लायकॉमिंग कंपनीचे इंजिन असते आणि त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, मुख्य दांड्याच्या म्हणजे क्रँकशाफ्टच्या वर, अगदी माथ्यावर बसवलेला आहे. इंजिन बंद केले की तेल निथळून खाली जाते आणि कॅमचे लोब, म्हणजे त्यावरचे उंचवटे, कोरडे पडतात. आत दमट हवा असतेच, जळलेल्या पेट्रोलचे पाणीही असते. महिनोन् महिने असेच राहिले की लोबवर गंजाचे बारीक टिपके पडतात. पुढे कोणीतरी हौसेने विमान विकत घेऊन जोरात उडवू लागतो, आणि त्या टिपक्यांपासून वरचा कडक थर पापुद्र्याने सुटायला लागतो. लोबवर टेकणाऱ्या टॅपेटचे तोंड खरवडते, लोब झिजतो, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. वैमानिकाला फक्त एवढेच जाणवते की हल्ली चढाईला जोर कमी पडतोय. ज्याने उद्यमनगरात कॅम ग्राइंड होताना पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. कडक थर गेला की खालचे पोलाद तग धरत नाही.

१९७७ ते १९८० च्या सेस्ना १७२ एन मॉडेलला जे १६० अश्वशक्तीचे इंजिन होते, ते या कॅम-टॅपेटच्या दुखण्यासाठी बदनामच झाले. त्याच्या तेलात एक खास द्रव्य घालण्याची सक्ती करावी लागली. ते विमान घेऊ नये असे मी म्हणत नाही. नियमित उडलेले असेल तर ते इंजिनही आयुष्य पुरे करते. पण तेच बंद पडून राहिलेले असेल तर मी फुकटही घेणार नाही.

चेरोकी घेण्याआधी आम्ही फ्लोरिडात असेच एक विमान पाहायला गेलो होतो. रंग चकचकीत, खुर्च्यांना नवे चामडे, वार्षिक तपासणी महिन्याभरापूर्वीची. तपासणीवर सही होती ती मालकाच्या नेहमीच्या मेकॅनिकची. आम्ही आमचा मेकॅनिक नेला होता. त्याने तासभर आधी इंजिन गरम करून घेतले, मग एकेका सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडून गळती मोजायला घेतली. चारपैकी तिघांत आकडा सत्तरच्या पुढे राहिला. चौथा साठच्या खाली आला. मेकॅनिक गुडघ्यावर बसला आणि एक्झॉस्टच्या नळीला कान लावला. तिथून हिस्स आवाज येत होता, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता. आवाज तेल भरण्याच्या तोंडातून आला असता तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, आणि कार्ब्युरेटरकडून आला असता तर इनटेक व्हॉल्व्ह. नंतर स्पार्क प्लगच्या भोकातून त्याने बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घातला. व्हॉल्व्हच्या चकतीवर एका कडेला हिरवट-तांबूस चंद्रकोर दिसत होती. चांगल्या व्हॉल्व्हवरचा डाग मधोमध आणि सारखा गोल असतो. कडेला सरकलेला डाग म्हणजे ती कड जास्त तापतेय आणि जळत चाललीय.

एवढ्यावरही एक सिलिंडर बदलून सौदा झाला असता. पण मग ऑइल फिल्टर कापला. फिल्टरचा डबा कटरने गोल कापायचा, आतला घडीचा कागद सोडवायचा, सॉल्व्हंटमध्ये धुऊन उन्हात धरायचा. घड्यांत चमचमते कण होते. मेकॅनिकने कागदाखालून लोहचुंबक फिरवले आणि कण त्याच्या मागे चालू लागले. अ‍ॅल्युमिनियम चुंबकामागे चालत नाही. ते पोलाद होते. आम्ही मालकाला नमस्कार केला, मेकॅनिकचे सहाशे डॉलर दिले आणि परत आलो. ते सहाशे डॉलर कोणालाच जड गेले नाहीत.

घेतलेली चेरोकी इंडियानातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. रंग उडालेला, रेडिओ जुनाट, खुर्चीच्या शिवणी सुटलेल्या. पण बुवा दर आठवड्याला विमान काढायचा आणि वर्षाला शंभर तास भरायचा. दर पन्नास तासांनी तेल बदलल्याची नोंद त्याच्या वहीत होती. फिल्टर स्वच्छ निघाला. रंग कधीही देता येतो.

पुष्कळ उडालेले विमान आंधळेपणाने घ्यावे, असा मात्र याचा अर्थ नाही. प्रशिक्षण शाळेत हजारो तास आदळआपट झालेल्या विमानाची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीच इथे असेच एक प्रशिक्षणातले पायपर उडताना पंख निखळून पडले. दोघे जागीच गेले. पंखाच्या मुख्य स्पारला, म्हणजे आतल्या तुळईला, बोल्टच्या भोकापाशी थकव्याची चीर गेली होती. त्यानंतर पायपरच्या बऱ्याच मॉडेलांना ठरावीक तास झाल्यावर ती भोके विद्युत प्रवाहाच्या चाचणीने तपासण्याचा आदेश निघाला. असे आदेश प्रत्येक मॉडेलला असतात. सेस्नाला खुर्चीच्या रुळांचा आहे. रूळ झिजला की उड्डाणाच्या वेळी खुर्ची एकदम मागे सरकते आणि वैमानिकाच्या हातातून स्टिअरिंग सुटते. यातला प्रत्येक आदेश केव्हा पाळला, कोणी सही केली, हे लॉगबुकात सापडले पाहिजे. सांगाडा, इंजिन आणि पुढचा फिरता पंखा (प्रोपेलर) यांच्या वह्या वेगळ्या असतात. "मधली एक वही घर बदलताना हरवली" असे कोणी म्हणाला, तर हमखास त्याच वहीत कुठेतरी पंखा जमिनीला लागल्याची नोंद असते असा माझा संशय. तो संशय फेडायला अमेरिकन विमान खात्याच्या ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी कचेरीतून त्या विमानाची सगळी फाइल थोड्या पैशांत मागवता येते. मोठ्या दुरुस्त्यांचे अर्ज तिच्यात असतात. विमानावर कोणाचे कर्ज किंवा गॅरेजवाल्याची थकबाकी आहे का, हेही तिथेच पाहून घ्यावे. बोजा विमानाबरोबर नव्या मालकाकडे येतो.

विमान राहिले कुठे, हेही विचारावे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर खारी हवा अ‍ॅल्युमिनियमला खाते, सांध्यांत पांढरी भुकटी दिसते. अ‍ॅरिझोनात प्लॅस्टिक तडकते, रंग जातो, पण धातू ठणठणीत राहतो. ओहायोत उंदीर. शेपटीत नाहीतर पंखात घर करतात आणि त्यांच्या मुताने पत्रा आतून सडतो. झाकणे उघडून बॅटरी मारून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही, आणि उंदरांचा वास आला तर मी तिथूनच परत फिरतो.

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ही इंजिने शिसे मिसळलेल्या पेट्रोलवर चालतात. सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर ते विकणे जानेवारी २०२२ पासून बंद आहे, आणि २०३० च्या अखेरपर्यंत देशभरातून शिसे घालवायचे असे अमेरिकन सरकारचे उद्दिष्ट आहे. १५० अश्वशक्तीच्या कमी दाबाच्या इंजिनांना बिनशिशाचे पेट्रोल सोसते, जास्त अश्वशक्तीवाल्यांची अडचण होऊ शकते. पुढची दहा वर्षे विमान ठेवायचे असेल तर हे आजच विचारावे. १ जानेवारी २०२० पासून गजबजलेल्या हवाई हद्दीत आपली जागा आपोआप कळवणारे एडीएस-बी यंत्रही सक्तीचे आहे. ते आधीच बसवलेले असेल तर काही हजार वाचतात.

लेखात न आलेली सर्वांत मोठी गोष्ट नोंदणीची. अमेरिकेत एखाद्या माणसाच्या नावावर विमान चढायचे तर तो नागरिक तरी हवा, नाहीतर ग्रीन कार्डवाला. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याचे पैसे चालतात, परवानाही मिळतो, पण विमान त्याच्या नावावर होत नाही. भागीदारीतही एक जण अपात्र असला तर नोंदणी अडते. अमेरिकन विश्वस्त नेमून ट्रस्टच्या नावावर घेण्याची वाट आहे, पण त्याची फी दरवर्षी भरावी लागते आणि साठ हजारांच्या विमानाला ती शोभत नाही. पुतण्या एच-१बी वरच आहे. हे त्याला विकणाऱ्याने सांगितले नव्हते, लेखानेही नाही. आता तो तिथल्या फ्लाइंग क्लबचा सभासद झाला आहे, महिन्याची वर्गणी भरतो आणि तासावर उडवतो. ग्रीन कार्ड हाती येईल तेव्हा बघू.

भागीदारीबद्दल थोडे. आमचा हिशेब भिशीसारखा आहे. महिन्याचा हप्ता ठरलेला, उडवलेल्या तासांचे पैसे वेगळे, इंजिनचा निधी वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्याला चौघांच्या सह्या लागतात. पण करार कागदावर हवा. एखाद्याला बाहेर पडायचे झाले तर हिस्सा कोण आणि कोणत्या भावाने घेणार, एखादा वारला तर त्याच्या बायकोला पैसे किती दिवसांत द्यायचे, दिवाळीच्या शनिवार-रविवारी विमान कोणाला, हे सगळे विमान घेण्याआधी लिहून काढावे. आमच्यातले दोघे मराठी, एक पंजाबी, एक इथलाच. विमान घेण्यापेक्षा करार लिहायला जास्त वेळ लागला आणि दोनदा कडाक्याचे भांडण झाले. त्यानंतर मात्र झाले नाही.

हे सारे अमेरिकेचे. पुण्या-नाशिकच्या कोणा वाचकाने हे वाचून इकडचे विमान जहाजात घालून नेण्याचा विचार करू नये. तिथे 'व्हीटी' ही भारतीय नोंदणी, आयातीची परवानगी, सरकारमान्य देखभाल संस्था, हँगर आणि पेट्रोल या पाचही गोष्टी हाती लागल्याशिवाय विमान हलणार नाही. विमानाचे पेट्रोल आता इंडियन ऑइल वडोदऱ्यात बनवते, ते २०२२ पासून, तोवर बाहेरूनच यायचे. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणीसाठी किती वर्षे खेटे घालावे लागले, ते आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. तिथे हौस असेल तर धुळे, बारामतीकडे प्रशिक्षण संस्था आहेत. आधी तासावर पैसे भरून दहा तास उडवावे, उलटी होते का ते पाहावे, घरच्यांचे मत घ्यावे.

पुरवणीच्या लेखकांना एकच विनंती. पुढच्या वेळी किमतीबरोबर एका वर्षाचा पूर्ण खर्चही छापा, आणि नोंदणीचा नियम चौकटीत मोठ्या अक्षरात द्या. आमची बिले हवी असतील तर मी नावे खोडून पाठवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कोल्हापूरकर वाचक
डेटन, ओहायो